निळं दार
बेटावरच्या घराचं दार आत्यानं निळं रंगवलं होतं. भुतांना पाणी ओलांडता येत नाही; त्या रंगाला ती पाणी समजतात, उंबरा ओलांडत नाहीत. चार्ल्सटन शहरात वकील झाल्यापासून लुवेनिया पहिल्यांदाच घरी आली होती. तिन्हीसांजेला तिनं दार ठोठावलं. “आत्या, मी आहे, लुवेनिया.” “कोण ही गोऱ्यांवानी बोलणारी मडम?” आतून आत्या म्हणाली. “नावं काय, भुतंबी सांगत्यात. आमची असशील तर आमच्यावानी बोल.” लुवेनियानं हसून तोंड उघडलं, पण बेटावरची बोली काही केल्या ओठांवर येईना. शाळेत बाईंनी ती पट्टीनं झोडपून उतरवली होती. उरलीसुरली कोर्टात तिनंच गिळली. दारावर तिनं तळवा टेकवला. रंग कधीच वाळला होता, तरी हाताला गार पाणी लागलं. मग आत एक पोरगी बोलली. आवाज लुवेनियाचाच होता, शाळेत जायच्या आधीचा. “उघडू नगंस, आत्ये. मी तर हितंच हाय.”