तीन ओळींच्या जागी

"लढाई एक जिंकली नाही, वर नोकरीवरून काढलेला," मुख्य संपादक म्हणाले. "अशा कप्तानाची नोंद घेतली, तर उद्या नौदलाचे आचारीसुद्धा दारात रांग लावतील."

टेबलाभोवती हशा पिकला. कात्रीबाई हसल्या नाहीत. विश्वकोशाच्या त्या कचेरीत त्या सगळ्यांत जुन्या संपादक, आणि हे नावही त्यांच्याइतकंच जुनं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुणा लेखकाच्या पाल्हाळिक तीन ओळी कापून त्यांनी तिथे एकच शब्द बसवला होता. तेव्हाच्या साहेबांनी तो कागद खोल्याखोल्यांतून मिरवला. "याला म्हणतात कात्री!" तेव्हापासून कितीतरी थोर माणसं त्यांच्या हाताखालून गेली, आणि जो तो थोडा बारीक होऊनच छापखान्यात पोचला. कापलेलं लक्षात ठेवायची मात्र बाईंना सवय नव्हती.

आजच्या कप्तानात कापण्याजोगंही काही नव्हतं. शत्रूच्या जहाजाचा पाठलाग करताना त्याला वाटेत एक प्रवासी आगबोट बुडताना दिसली. त्याने पाठलाग सोडला, आपली युद्धनौका वळवली आणि पाण्यातली माणसं वर काढत बसला. शत्रू निसटला. हुकूम मोडला म्हणून नोकरी गेली, आणि लोकांनी नाव ठेवलं, पळपुटा.

कचेरीचा नियम साधा होता. माणसाचं नाव आधीच्या खंडांत दुसऱ्या कुणाच्या नोंदीत एकदा तरी आलेलं हवं, मगच त्याला स्वतःची नोंद. नाहीतर जो तो आपापल्या आजोबांना घेऊन यायचा. सगळे खंड कॉम्प्युटरवर धुंडाळून झाले होते. कप्तानाचं नाव कुठेही नव्हतं.

"चला, सुंठीवाचून खोकला गेला," मुख्य संपादक म्हणाले. "त्यांची मुलगी बाहेर बसली आहे. तेवढं सांगून या, कात्रीबाई. हा खंड आज छापायला जाऊ दे."

बाहेर बाकावर एक म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. कात्रीबाईंना पाहून ती भिंतीला धरून उठायला लागली. त्यांनी तिला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतःही शेजारी टेकल्या. गोड बोलून तोंडाला पानं पुसणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"मावशी, नोंद होत नाही. तुमच्या बाबांचं नाव आमच्या कुठल्याच खंडात आलेलं नाही. नियमच आहे तसा."

"नाही ना आलेलं? मला ठाऊक आहे." म्हातारीने पिशवीचे बंद उगीच सोडले आणि पुन्हा बांधले. "पुढची आवृत्ती कधी निघेल हो?"

"वेळ लागेल, मावशी. बरीच वर्षं."

"मग राहिलंच ते. बाबांना पळपुटा म्हणणारे गेले सगळे. पळपुटे नव्हते म्हणणारी मी एकटीच उरले. मी गेले की संपलं." ती हसली. हसणं फार वेळ टिकलं नाही. "ते पूल बांधणारे मोठे इंजिनीअर आहेत ना? तेही होते त्या आगबोटीत. तेव्हा कॉलेजात निघालेलं पोर होते. पुढे शोधत शोधत आमच्या घरी आले. बाबांचा हात धरून बसले होते नुसते. जाताना म्हणाले, माझ्याबद्दल कुणी कधी लिहायला आलं, तर आधी तुमचं नाव सांगेन."

"मग?"

"मग काय? तुमच्या खंडात त्यांची नोंद आली. मी वाचनालयात जाऊन दोनदा वाचली. बाबांचं नाव नव्हतं." तिने मान हलवली. "बाबा तेव्हा होते. मी त्यांना सांगितलंच नाही. नोंद अजून आली नाही म्हणत राहिले. मोठी माणसं, बाई. कामं थोडी असतात का त्यांना? विसरले असतील."

कात्रीबाई उठल्या. कपाटातून तो जुना खंड ओढून काढला आणि उभ्या उभ्याच इंजिनीअरची नोंद उघडली. नोंद त्यांनीच संपादित केलेली होती. छान होती. आटोपशीर, एक शब्द जास्त नाही. जन्म, शाळा, आणि मग ती ओळ. ती वाचली आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. खंड तसाच उघडा धरून त्या म्हातारीकडे आल्या.

"मावशी, चला माझ्याबरोबर आत."

"मी कशाला? साहेब रागावतील."

"रागावले तर माझ्यावर रागावतील. चला."

म्हातारीचा हात धरून त्या बैठकीच्या खोलीत शिरल्या, तेव्हा कागद आवरले जात होते. त्यांनी खंड मुख्य संपादकांसमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"मोठ्याने वाचा, साहेब."

साहेबांनी चष्मा चढवला. "‘तरुणपणी आगबोट बुडाली असता ते सुदैवाने वाचले.’ बरं मग? हे बघा कात्रीबाई, नाव एकदा जरी दाखवलंत तरी मी या क्षणी सही करतो. यात कप्तानाचं नाव कुठंय?"

कात्रीबाईंनी साहेबांकडे पाहिलंच नाही. त्या म्हातारीकडे वळल्या.

"मावशी, ते विसरले नव्हते. त्यांनी सांगितलं होतं, आणि लेखकानं लिहिलंही होतं. तीन ओळी होत्या इथे, तुमच्या बाबांच्या नावासकट. ‘सुदैवाने’ हा शब्द माझा आहे."