सातवीचा वर्ग पुन्हा वर गेला

"काच फुटली, की शाळा बंद. मग माझ्याकडे रदबदली करायला येऊ नका," इंजिनिअरसाहेब स्टुलावरून उतरत म्हणाले.

नायगावच्या त्या मुलींच्या शाळेत दुसऱ्या मजल्यावर सातवीचा वर्ग भरायचा. त्याच्या छताच्या तुळईला हातभर तिरकी भेग गेली होती. गिलावा पडून आतली गंजकी सळई दिसत होती. इमारत तीस-बत्तीस वर्षांची. बांधताना खाडीची वाळू वापरली असावी, असा साहेबांचा अंदाज होता. त्यांनी भेगेवर आडवी, बोटभर रुंदीची काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवली होती. भेग वाढत असेल, तर काच तडकणार. नसेल, तर शाबूत राहणार. हिशोब इतका सरळ होता. निवडणुका उरकल्या, की मार्चमध्ये ते पुन्हा येणार होते.

साहेब गेले आणि मुख्याध्यापिका सरोजिनीबाईंनी सातवीच्या वर्गशिक्षिकेकडे, कौसल्येकडे, असं पाहिलं की जणू भेग तिनेच पाडली होती. कारणही तसंच होतं. कोणाला न विचारता तिने परस्पर म्युनिसिपालटीत अर्ज केला होता.

"तुझ्या या अर्जाने सातवीच्या छप्पन्न मुली घरी बसणार," सरोजिनीबाई म्हणाल्या. "माटुंग्याच्या शाळेत कोण धाडणार आहे त्यांना? धाकटी भावंडं सांभाळतील आणि पुढल्या वर्षी बोहल्यावर चढतील. परीक्षा राहिली बाजूला."

"पण बाई, छतच खाली आलं तर?"

सरोजिनीबाई पाठ फिरवून जिना उतरू लागल्या. शाळा त्यांच्या वडिलांनी उभारलेली होती. रोज गिरगावातून ट्रामने येऊन त्यांनी ती चालवली होती.

कौसल्या त्यांचीच विद्यार्थिनी. जवळच्याच बीडीडी चाळीतली. याच वर्गात बसून ती सातवी पास झाली, तेव्हा अख्ख्या चाळीने पेढे खाल्ले होते. शाळा बंद व्हावी, असं तिच्या मनातही येणं शक्य नव्हतं. मुली शिकायला हव्या होत्या आणि जिवंतही राहायला हव्या होत्या. तिचं एवढंच मागणं होतं.

वर्गाला कुलूप लागलं. किल्ली शिपाई दत्तारामकडे राहिली आणि मुली खालच्या व्हरांड्यात बसकरं टाकून बसू लागल्या. दत्ताराम मालवणकडचा. जिन्याखालच्या खोलीत राहायचा. केर, घंटा, पाणी सगळं त्याच्याकडे. गेल्या वर्षीच्या गडबडीत दगड येऊन शाळेची निम्मी तावदानं फुटली, तीही त्यानेच बसवली होती. त्याची नात शैला सातवीतच होती.

रोज साडेदहाला कौसल्या त्याला घेऊन वर जायची. तो स्टूल धरायचा, ती चढून बघायची.

"काय म्हणता काच?" तो खालून विचारायचा.

"आहे धड."

"मग बरा झाला."

एकदा शाळेवरून भलामोठा मोर्चा गेला. 'झालाच पाहिजे'च्या आरोळ्यांनी खिडक्या थरथरल्या. मागोमाग पोलिसांच्या लॉऱ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी कौसल्या धापा टाकत वर गेली. काचेला साधा ओरखडाही नव्हता.

हळूहळू तिची भीती ओसरली आणि तिची जागा शरमेने घेतली. चाळीतल्या नळावर बायका टोमणे मारू लागल्या, "काय कौसल्ये, पडली का गं तुझी शाळा?" त्यातच व्हरांड्यात बसून कसलं शिक्षण, म्हणून अकरा मुलींची नावं घरच्यांनी काढायला घेतली. त्या अकरा जणींसाठी तिला रडू आलं. आपण उगाच बोभाटा केला, असं तिला मनापासून वाटू लागलं.

मार्चमधल्या एका शनिवारी साहेब आले. स्टुलावर चढले. काच नखाने वाजवली, भिंग लावून पाहिली.

"भेग जुनी आहे. आता हलत नाही," ते म्हणाले. "सळईला रंग द्या, गिलावा करा आणि खुशाल वर्ग भरवा."

त्यांनी कागदावर सही केली. सरोजिनीबाईंनी कौसल्येच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्यामुळे खात्री तरी झाली," असं त्या म्हणाल्या आणि कौसल्येचे डोळे भरून आले.

रविवारी दत्तारामने गिलावा करून वर चुना मारला. कौसल्या तोवर दारोदार फिरत होती. जयभीम घालायची आणि आयांना सांगायची, "माझ्या शब्दावर पाठवा. मी स्वतः रोज डोळ्यांनी बघत होते."

सोमवारी छप्पन्नच्या छप्पन्न आल्या. 'सातवी वर गेलीच पाहिजे' असं ओरडत, जिना दणाणून सोडत वर पळाल्या. शैला सगळ्यांत पुढे होती. वर बाकं ओढल्याचा आवाज येऊ लागला. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून कौसल्या तो आनंदाने ऐकत होती.

दत्ताराम घंटा देऊन आला.

"दत्ताराममामा, अडीच महिने तुम्हाला रोज दोन जिने चढायला लावले," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

दत्ताराम हसला. सरोजिनीबाई जवळपास नाहीत, हे बघून त्याने आवाज खाली आणला.

"तुमचा काय चुकला, बाई? चुकला त्या साहेबांचा. काच फुटली की शाळा बंद, म्हणे! अहो, काचच ती, फुटूचीच. माका काय समजत नाय? म्हणान सकाळी केर काढूच्या आधी मी वर जाय. फुटलेली दिसली, की काढून नवी चिकटवी."

वर मुली बाकं सरकवतच होत्या. कौसल्येने वर पाहिलं.

"किती वेळा, मामा?"

"पयली महिनाभर टिकली, बाई. पण गेल्या आठवड्यात मात्र रोज एक लावूक लागली."