तोंड स्वच्छ करून

"तुमचं औषधच बोगस हाय, मॅडम!"

किरणने टेबलावर हात आपटला तसा ट्रेमधला चिमटा खणकन वाजला. तपासणीच्या खुर्चीत त्याची आई आनंदीबाई बसलेली, आणि भिंतीला लागून त्याची बायको छाया उभी. कर्जतच्या दवाखान्यातली ती एवढीशी खोली. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे बाहेर बाकांवर बसलेल्यांना सगळं फुकटात ऐकायला मिळत होतं. छायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर समीक्षाने हातमोजे चढवले. कॅन्सरचं हे औषध नवं, अजून चाचणीतलं. गालाच्या आत जखमेवर चिकटवायची एक पातळ पट्टी आणि तिच्यात औषधाचे कण, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही सापडायचे नाहीत. पट्टी नीट चिकटली की ते कण थेट जखमेत शिरणार, बाकीच्या अंगाला त्रास नाही. चाचणीतल्या इतर काही जणांच्या जखमा आटायला लागल्या होत्या. आनंदीबाईंची मात्र वाढत वाढत हाडाकडे सरकली होती. पट्टीचा गुण आला नाही तर जबडा कापावा लागेल, हे मायलेकांना सांगून ठेवलेलं होतं. म्हणून तर तो एवढा भडकला होता.

"पट्टी न चुकता लावता ना, आजी?" समीक्षाने विचारलं.

"छाया लावते. कदी चुकली नाय. गुनाची हाय माजी सून."

समीक्षाने चिमट्याने गालातली पट्टी हळूच सोडवली आणि उलटी करून दिव्याखाली धरली. जखमेला लागायची ती बाजू काळी कुळकुळीत होती. चोळून पाहिलं तर हातमोज्याला बारीक कण लागले.

"हे काय आहे?"

"आमच्या घरात तंबाखू नाय हां," किरण लगेच म्हणाला. "पयल्या दिवशीच सांगितलंय तुमाला. आमी माळकरी मानसं. दारू नाय, मटन नाय, सुपारीचं खांडसुदीक नाय."

सांगितलं होतं खरं. समीक्षाने विचारलं होतं आनंदीबाईंना आणि उत्तर दिलं होतं किरणने. म्हातारीचे दात काळे दिसत होते, तरी लेक इतक्या ठासून बोलतोय म्हटल्यावर समीक्षाने पुढे खोदून विचारलं नव्हतं. आता तिने खुर्ची ओढली आणि आनंदीबाईंच्या समोर बसली.

"आजी, पट्टी लावायच्या आधी तोंड कशाने साफ करता?"

"मिश्रीनं," आनंदीबाई सरळ म्हणाल्या. "तुमीच सांगितलंत ना, तोंड स्वच्छ करून मगच पट्टी लावायची? आदी मी सकाळचीच लावायची. आता पट्टीच्या आदी दोनी टायमाला लावते. उष्ट्या तोंडाला औषध कसं लावायचं गं बाय?"

"हात्तिच्या! मिश्री होय!" किरणचा जीव भांड्यात पडला. "ती तर बायका लावतातच, मॅडम. दात घासायला."

"आणि ती करतात कशाची?"

बाजारातून तंबाखूच्या पाल्याची पुडी किरणच आणायचा. बायकांचं सामान म्हणून, खोबरेल तेल आणि बांगड्यांबरोबर. पुडीत काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याला तंबाखू म्हणायचं असतं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मीच भाजते," छाया भिंतीकडे बघत म्हणाली. "आईंची दगदग नको म्हनून. त्यांना टोचू नये म्हनून बारीक चाळून देते."

आणि तिला रडू फुटलं.

"औषध जखमेपर्यंत पोचलंच नाही," समीक्षा म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "मी आजींनाच नीट विचारायला हवं होतं. माझंही चुकलं. पण आता पट्टीच्या भरवशावर थांबता येणार नाही. ऑपरेशनला पाठवावं लागेल."

"मॅडम, मी मगाशी..." किरणने टेबलावरचा ट्रे सरळ केला.

आनंदीबाई खुर्चीतून उठल्या. "रडू नको गं छाया. तुजा काय दोष? लगीन होऊन आलीस तवा पयली चिमूट मीच दिली ना तुला?"

समीक्षाने चमकून छायाकडे पाहिलं. "तुम्हीही लावता?"

छायाचा पदर तोंडावर गेला. खालच्या ओठाच्या आत एक पांढरा, खरबरीत डाग होता. रोज जिभेला लागायचा. सासूची एवढी सेवा करताना तो विसरता येत होता.

"बसा इथे," समीक्षा म्हणाली.

छाया जागची हलली नाही. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "अवो, तुमी जरा भायेर थांबा."

"का गं?"

"थांबा ना!"

किरण बाहेर गेला, त्याचं सगळं बोलणं ऐकलेल्या माणसांत जाऊन उभा राहिला.

छाया खुर्चीत बसली, पण पदर काही सुटेना. आनंदीबाईंनीच तो तिच्या मुठीतून सोडवला आणि तिची हनुवटी धरली.

"मी बी अशीच लाजले, पोराला दिसंल म्हनून गालातलं झाकून ठेवलं," त्या म्हणाल्या. "आता त्याच्याच सहीनं जबडा कापनार हायत. उघड."

छायाने डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.