गोधडीतले कागद

राजलक्ष्मीनं मोबाईलवर बघून सासूला शिकवलं: कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर चिंधी टाचायची आणि कडेला कड लावून हातानं शिवायचं. कुशाबाईंना त्या बारीक टाक्यांचा नादच लागला. दुपारी सुई हातात घेतली, की जीव निवांत व्हायचा.

गोधडी पुरी झाली. राजलक्ष्मी घडी घालायला गेली, तर आतून चुरचुर आवाज आला.

"आत्या, कागद आतच ऱ्हायलं की! अस्तर लावायच्या आधी काढायचं असत्यात."

"ऱ्हायलं न्हायत, ठेवल्यात." कुशाबाईंनी बाजेवर पडलेल्या नवऱ्याकडं बघितलं. "ह्यांच्या काय ध्यानात ऱ्हात न्हाय. मागल्या महिन्यात माझा डोळा लागला, तर उठून गेलं, ते मोरगावच्या स्टँडवर घावलं. आता ही अंगावरनं सारली, की वाजंल. मी बी निवांत झोपीन."