काजळाचे ठिपके

दर्शनाने ओलं फडकं घेतलं आणि दाराच्या पांढऱ्या चौकटीवरचा काजळाचा एक ठिपका पुसला. खाली आणखी होते. नजर लागू नये म्हणून चाललेला सासूचा हा उद्योग आज तिच्या डोक्यात गेला होता. घरच्या कोलशेतच्या जमिनीवर टॉवर उभा राहिला, त्यात नवाकोरा फ्लॅट मिळाला, पण गोदाबाईंची काजळाची डबी काही सुटली नव्हती.

तेवढ्यात आत दिशा कण्हली. तीन वर्षांची पोर, अंगाला हात लावला तर चटका बसत होता. थर्मामीटर एकशे तीन दाखवत होता. दर्शनाने फडकं टाकलं, तापाच्या औषधाची बाटली उघडली आणि चमचा भरला. तो दिशाच्या ओठांशी पोचतो न पोचतो तोच गोदाबाईंनी सुनेचं मनगट धरलं.

"आता नको देऊस. लय झालं."

"आई, हात सोडा. सकाळपासून दोनदाच दिलंय मी. तुम्हाला काय कळतं औषधातलं?"

मिठागरात टोपल्या उचललेला हात तो, सुटणार थोडाच. गोदाबाईंनी सोफ्यावर बसलेल्या मुलाकडे मान वळवली. "त्याला इचार."

दिपेशने मोबाइलमधून डोकंही वर केलं नाही. "मी फक्त सर्दीचं दिलं. ते वेगळंय, लाल बाटलीतलं."

दर्शनाने लाल बाटली उजेडात धरली. मोठ्या अक्षरांतलं नाव खरंच वेगळं होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत पॅरासिटामॉल लिहिलेलं होतं. तापाच्या बाटलीवरही तेच. दोघं शिकलेसवरलेले आईबाप, आणि दिवसभरात एकानेही ते वाचलं नव्हतं.

डॉक्टरांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. दर्शनाने सगळं सांगून स्पीकर चालू केला.

"आता काहीही देऊ नका, लगेच घेऊन या. आणि दोन्ही औषधं मिळून सकाळपासून किती चमचे गेले ते सांगा. अंदाज नको, नक्की आकडा हवा."

"मी दोनदा," दिपेश म्हणाला आणि अडखळला. "की तीनदा?" दर्शनाला रडू आवरेना.

गोदाबाई फोनजवळ वाकल्या.

"पाच. मना वाचता येत नाय, डाक्टर. चमचा पोरीच्या तोंडात गेला का काजळाचा एक ठिपका ठेवते चौकटीवर. तिथं आता चार हायत. पाचवा मघाशी सूनबाईनी पुसला."