दोन रकाने

मेंदूतून जे पुसायचं ते ‘आजार’ या रकान्यात लिहायचं आणि जे ठेवायचं ते ‘स्वभाव’ या रकान्यात. स्किझोफ्रेनियाच्या नव्या उपचारासाठी इस्पितळाने दिलेला तो कागद घेऊन यशोधन सकाळपासून बसला होता. कानातले आवाज कुठे लिहायचे हे त्याला ठाऊक होतं. बाकीचं काही सुधरेना. एकोणिसाव्या वर्षी आजार जडला. त्याआधी आपण कसे होतो, हे बावीस वर्षांनी कुणी सांगावं?

“माणसांत न मिसळणं?” त्याने थोरल्या बहिणीला विचारलं.

“आजार,” मृदुलाताई डबा भरता भरता म्हणाली.

“कुलूप तीनदा ओढून बघणं?”

“आजारच की रे! त्यापायी किती गाड्या चुकल्या आपल्या.”

त्याने लिहून टाकलं.

इस्पितळात जायला निघताना ताईने दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. चार पायऱ्या उतरली, परत वर आली आणि आणखी दोनदा ओढलं.

“ताई, हे तर आपण आजारात लिहिलंय.”

ताईचा हात कुलपावरच राहिला. “आपल्या अप्पांची सवय आहे रे ती,” ती ओशाळून म्हणाली. “ते गेले, तरी हात जातोच.”

यशोधनने कागद उघडून ‘आजार’ रकान्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मग आज माझ्यातले अप्पाही पुसतील का गं?”