दुभाष्याचं ‘आम्ही’

“आई, कानात दुभाष्या असताना चिनी कोण शिकतं आता?” हेमंत हसला.

“भांडायचं तर आपल्या तोंडानं,” कुमुदताई म्हणाल्या.

नातीच्या बारशात चिनी विहीणबाई काही बोलल्या आणि कानातल्या यंत्रानं सांगितलं, “हिला आम्ही वाढवू.” तेव्हापासून दोन वर्षं कुमुदताईंनी अबोला धरला होता.

जुन्या ध्वनिमुद्रित धड्यांपैकी अकराव्यात शिक्षिका सांगत होत्या, “‘वोमन’ म्हणजे आम्ही. ‘त्सान्मन’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट.”

कुमुदताईंनी यंत्र काढून ठेवलं आणि बारशाचं चित्रण लावलं. विहीणबाई स्वच्छ ‘त्सान्मन’ म्हणत होत्या.

कुमुदताईंनी लगेच विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. “त्सान्मन...” एवढंच तोंडातून आलं, पुढचे शब्द बाराव्या धड्यात होते.

समोरची शेवटी विहीणच. तिनं आधी उच्चार सुधारला आणि मगच डोळे पुसले.